तीन पिंपे आणि शेजारचा घोडा



इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे एखादी लढाई, एखादा तह, निदान एखादे राजकारण तरी ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असते. आजच्या विषयात घोडे आहेत, स्वार आहेत, पैजाही आहेत. पण लढाई नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुरांच्या मुलखात स्त्रियांनी नावारूपाला आणलेली एक शर्यत आहे. तीन लोखंडी पिंपांना वळसे घालून घोडा परत आणावयाचा, एवढीच ती शर्यत. तिकडे तिला ‘बॅरल रेस’ म्हणतात. आपण पिंपांची शर्यत म्हणू. या शर्यतीसाठी घोडा कोठून घ्यावा, दूरच्या नामांकित वंशातला की शेजारच्या कुंपणातला, हा प्रश्न वरवर पाहता गिऱ्हाइकाचा आणि सौदागराचा आहे. पण त्याच्या पोटात शिरले म्हणजे मैदानात कोणाला उतरता आले आणि कोणाला कुंपणाबाहेर उभे राहून पाहावे लागले, याचा सगळा इतिहास हाती लागतो. म्हणून हा विषय मी निवडला.

आधी शर्यत कशी असते ते सांगतो. मोकळ्या मैदानात त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन पिंपे उभी करतात. ही पिंपे म्हणजे तेल भरून आणण्याची ती मोठी, पंचावन्न गॅलनांची. पहिल्या दोन पिंपांमध्ये ९० फूट अंतर, त्या दोहोंपासून तिसरे १०५ फुटांवर, आणि आरंभरेषेपासून पहिली दोन पिंपे ६० फुटांवर, असे मोठ्या मैदानाचे ठरलेले माप आहे. स्वार भरधाव आत येते, एका पिंपाला एका बाजूने आणि उरलेल्या दोहोंना उलट बाजूने वळसा घालते आणि तशीच भरधाव परत जाते. वरून पाहिले तर घोड्याच्या टापांनी जमिनीवर तीन पानांची वेल काढल्यासारखी दिसते. पिंपाला गुडघा लागून ते नुसते डळमळले तर क्षम्य. पडले तर पाच सेकंदांचा दंड. सगळी शर्यत सतराएक सेकंदांत आटोपते आणि जय-पराजय सेकंदाच्या शतांशावर ठरतो, तेव्हा पाच सेकंदांचा दंड म्हणजे त्या दिवसापुरते सर्वस्व गेले असे समजावे.

आता यात घोड्याला काय करावे लागते ते पाहा. एकदम वेग घ्यावयाचा, पिंपाजवळ येताच मागच्या पायांवर बसल्यासारखे होऊन तो वेग गिळावयाचा, अंगाची कमान करून वळावयाचे आणि पुन्हा बाण सुटल्यासारखे सुटावयाचे, हे तीनदा. लांब पल्ल्याच्या शर्यतीतला उंच, लांब टांगांचा घोडा येथे कुचकामाचा ठरतो. येथे लागतो तो ठेंगणा, रुंद छातीचा, भरदार पुठ्ठ्यांचा आणि मुख्य म्हणजे डोक्याने थंड घोडा.

आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर हा भेद शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला की तो एका दिवसात बारगीर होई. पिंपांच्या शर्यतीतील स्त्री ही पुरी शिलेदार आहे. रोडिओ म्हणून जे गुराख्यांचे खेळ तिकडे भरतात, त्यांत उधळणाऱ्या घोड्यावर किंवा बैलावर बसणाऱ्या पुरुषाला जनावर मेळा भरविणाऱ्याकडून मिळते. तो आपले खोगीर तेवढे घेऊन हिंडतो. पिंपांच्या शर्यतीला मात्र घोडा स्वतःचा लागतो, तो स्वतः विकत घ्यावा लागतो, स्वतःच्या गाडीने न्यावा लागतो, आणि तो लंगडला की तिचा हंगाम बुडतो. म्हणून या खेळात घोड्याची किंमत आणि घोडा मिळण्याचे ठिकाण यांना एवढे महत्त्व.

ह्या घोड्याची जात कशी घडली ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण शेजारचा घोडा ही कल्पना तिच्या मुळाशीच आहे. अठराव्या शतकातील व्हर्जिनिया हा इंग्रजांच्या तंबाखूच्या मळ्यांचा प्रांत. तेथे इंग्लंडसारखी विस्तीर्ण शर्यतीची मैदाने नव्हती. झाडी तोडून केलेला गावरस्ता तेवढा सरळ. त्या रस्त्यावर पाव मैलाच्या शर्यती लागत. पाव मैलात दम नव्हे, झेप लागते. दक्षिणेकडील मूळ रहिवाशांकडे स्पॅनिश लोकांच्या वंशाचे चपळ घोडे होते. त्यांच्याशी आणि गावठी घोड्यांशी इंग्लंडहून आणलेल्या घोड्यांचा संकर झाला. १७५०च्या दशकात आलेला जेनस हा त्या आणलेल्या घोड्यांत नावाजलेला. या संकरातून पाव मैलाचा घोडा उभा राहिला, आणि ‘क्वार्टर हॉर्स’ हे नाव त्या पाव मैलावरूनच पडले.

पुढे वस्ती पश्चिमेकडे सरकली तसा हा घोडाही सरकला. १८४०च्या दशकात स्टील डस्ट नावाचा घोडा केंटकीहून टेक्ससमध्ये आला. त्याच्या संततीचा एवढा बोलबाला झाला की चांगल्या चपळ घोड्याला तिकडचे गुराखी सरसकट ‘स्टीलडस्ट’ म्हणू लागले, मग त्याच्या अंगात त्या घोड्याचे रक्त असो वा नसो. कळपातून एक वासरू वेगळे काढावयाचे तर ते जिकडे वळेल तिकडे घोड्याने आधी वळले पाहिजे. हे वळणे कोणी शर्यतीसाठी शिकविले नव्हते. पोटाच्या धंद्याने शिकविले. ज्या गुराख्याच्या घोड्याला ते येई त्याची कीर्ती दहा-वीस कोसांत पसरे, आणि घोडी असलेले शेजारी आपली घोडी त्याच्याकडे घेऊन येत. वंशावळीची वही नव्हती. शेजाऱ्याची आठवण हीच वही.

वही पुढे निघाली. १९४० साली फोर्ट वर्थ येथे या जातीच्या घोड्यांची नोंद ठेवणारी संस्था, अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन, स्थापन झाली. पहिला क्रमांक राखून ठेवण्यात आला आणि १९४१च्या फोर्ट वर्थच्या प्रदर्शनात अव्वल ठरलेल्या विंपी नावाच्या घोड्याला तो मिळाला. पण माझ्या मते त्या वहीतील खरा बोलका आकडा पहिला नव्हे, २३४ हा आहे. किंग नावाचा घोडा त्या क्रमांकाने नोंदला आहे. १९३२ साली टेक्ससच्या दक्षिण टोकाला लरेडोच्या बाजूला तो जन्मला. दूध सुटल्यावर तो अवघ्या १५० डॉलरांना विकला गेला. मग त्याच मुलखात या कुंपणातून त्या कुंपणात, एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला. प्रत्येक मालकाने त्याला कामाला लावून पाहिले आणि प्रत्येक वेळी किंमत थोडी वाढली. शेवटी १९३७ साली जेस हँकिन्स या गृहस्थांनी तो ८०० डॉलरांना घेतला आणि मरेपर्यंत, म्हणजे १९५८ पर्यंत, ठेवला. महामंदीच्या त्या दिवसांत एका घोड्याला ८०० डॉलर ही रक्कम लहान नव्हती. आज या जातीच्या असंख्य घोड्यांच्या वंशावळी मागे मागे नेल्या तर त्या किंगपाशी येऊन पोचतात. एवढ्या मोठ्या वंशाचा मूळ पुरुष शेजाऱ्याशेजाऱ्यांत हात बदलत गेला, आणि दर वेळी घेणाऱ्याने त्याला विकणाऱ्याच्या अंगणात चालताना पाहिले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

असो. आता स्त्रियांकडे वळू.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत रोडिओमध्ये स्त्रिया उधळत्या घोड्यावरही बसत. १९२९च्या सप्टेंबरात ओरेगन राज्यातील पेंडलटनच्या प्रसिद्ध मेळाव्यात बॉनी मॅकॅरोल ही नामांकित स्वार घोड्याखाली सापडली आणि त्या दुखापतीने काही दिवसांनी वारली. स्त्रियांसाठी रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधून ठेवण्याची रीत होती. सुरक्षितपणासाठी म्हणून केलेल्या त्या बंधनामुळे पडताना पाय सुटत नसे. दोष बंधनाचा होता, शिक्षा मात्र स्त्रियांना झाली. पेंडलटनने त्यांची ती स्पर्धाच बंद केली. त्याच वर्षी मेळावे भरविणाऱ्यांची जी संघटना झाली तिने स्त्रियांच्या खेळांना आपल्या यादीत जागा दिली नाही. हळूहळू इतर ठिकाणीही तेच झाले.

मग त्यांच्यासाठी काय उरले? टेक्ससमधील स्टॅमफर्ड गावी १९३०पासून जुन्या गुराख्यांचा मेळा भरू लागला. पुढच्या वर्षी चालकांनी आसपासच्या गावांना आणि मोठ्या गोठेवाल्यांना कळविले की प्रत्येकाने आपल्यातर्फे एकेक मुलगी घोड्यासह पाठवावी. मुलीचा पोशाख, तिचा घोडा आणि तिची बैठक यांना गुण द्यावयाचे, आणि पिंपांभोवती घोडा फिरवून दाखवावयाचा. म्हणजे पिंपे होती, पण घड्याळ नव्हते. गुणांत पोशाखाचाही वाटा होता. आज याला कोणी हसेल. पण त्यातील एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गावाने पाठविलेल्या मुलीचा घोडा गावचाच असे. बापाचा, काकाचा, नाही तर शेजाऱ्याचा, आठवडाभर गुरांमागे धावून रविवारी धुऊनपुसून आणलेला. दागिना म्हणून मुली मैदानात आणल्या गेल्या आणि येताना सोबत कामाचा घोडा घेऊन आल्या! पोशाखाचे गुण जाऊन घड्याळ येणे हा मग काळाचाच प्रश्न होता.

तो काळ दुसऱ्या महायुद्धानंतर आला. युद्धात पुरुष बाहेर असताना गोठे स्त्रियांनी सांभाळले होते. १९४७च्या सप्टेंबरात ॲमरिलो येथे नॅन्सी बिनफर्ड आणि थीना मे फार या दोन तरुण मुलींनी सर्वस्वी स्त्रियांचा रोडिओ भरवून दाखविला. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॅन अँजेलो या गावच्या एका हॉटेलात ३८ स्त्रिया जमल्या आणि त्यांनी गर्ल्स रोडिओ असोसिएशन ही संघटना स्थापिली. आरंभी सभासद ७४, मान्य स्पर्धा ६० आणि बक्षिसांची एकूण रक्कम २९,००० डॉलर. रोडिओच्या क्षेत्रात खेळाडू स्त्रियांनी स्वतः उभारलेली ही संस्था आजही चालू आहे. १९८१ साली तिने ‘गर्ल्स’ हा शब्द टाकून ‘विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन’ असे नाव घेतले. पिंपांची शर्यत हा तिचा मुख्य खेळ झाला. त्याचे कारण साधे होते: यात पंचांच्या मर्जीला वाव नव्हता. पिंप पडले की नाही आणि घड्याळ काय म्हणते, एवढेच पाहावयाचे. पोशाखाला गुण देणारा पंच आता लागत नव्हता.

बक्षिसाच्या बरोबरीसाठी मात्र त्यांना फार दिवस भांडावे लागले. १९८० साली संघटनेने मेळावे भरविणाऱ्या समित्यांना निर्वाणीचे कळविले की १९८५ पर्यंत आमच्या खेळाला पुरुषांच्या खेळांइतकी रक्कम द्या, नाही तर आम्ही येणार नाही. बहुतेकांनी मानले. वर्षअखेरच्या राष्ट्रीय अंतिम मेळाव्यात ही बरोबरी यावयास १९९८ साल उजाडले.

आता घोडा घेण्याच्या मुद्द्यावर येतो. एखाद्या लहान गावातल्या कुटुंबाला मुलीसाठी घोडा घ्यावयाचा आहे. गाठीला पैसा बेताचा. तिला ते कसे पाहतात?

पहिले म्हणजे वय. दात पाहून वय सांगण्याची विद्या तिकडेही आपल्यासारखीच आहे. पुढच्या दातांच्या माथ्यावरील खळगे वयाबरोबर झिजत जातात. आपल्याकडे सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा पाहणारा जसा खोडी आणि भोवरे तपासतो, देवमण आहे की नाही पाहतो, तसे तिकडचे जुने लोक पांढरे पाय मोजतात आणि त्यांवरून शुभाशुभ सांगतात. त्यात अर्थ नाही हे त्यांना ठाऊक असते, तरी ते मोजतातच. आपणही मोजतोच की.

खरी तपासणी पायांची. या शर्यतीत मागच्या पायांच्या सांध्यांवर आणि पुढच्या खुरांवर विलक्षण ताण पडतो. खुराच्या आत नावेच्या आकाराचे एक लहान हाड असते, ते एकदा दुखावले की घोडा कायमचा अधू होण्याची भीती. म्हणून जनावरांचा डॉक्टर एकेक पाय मिनिटभर दुमडून धरतो आणि लगेच घोडा दुडक्या चालीने पळवून पाहतो. लपलेले दुखणे तेव्हा बाहेर येते. पण वेदना मारणारे औषध आदल्या दिवशी चारून लंगडा घोडा चांगला म्हणून खपविणारे सौदागरही असतात. इंग्रजीत ‘घोड्यांचा व्यापारी’ हा शब्द पक्क्या बेरक्या माणसाला लावतात तो उगाच नव्हे. १८९८ साली निघालेल्या ‘डेव्हिड हॅरम’ या वेस्टकॉटच्या कादंबरीचा नायक घोड्यांच्या सौद्यात कसा पटाईत आहे हे वाचून साऱ्या अमेरिकेची करमणूक झाली होती. ज्याच्या गळ्यात असा घोडा पडला त्याची करमणूक अर्थात झाली नसेल. कागदपत्रांचेही पाहावे लागते. पश्चिमेकडील अनेक राज्यांत घोडा विकताना त्याच्या अंगावरील डागाची सरकारी तपासणी होते, कारण चोरीचा घोडा ही तेथील जुनी व्याधी. आणि १९७०च्या सुमारास डॉक्टर कॉगिन्स यांनी घोड्यांच्या एका असाध्य रक्तरोगाची चाचणी शोधून काढली, तिचा दाखला आता ठिकठिकाणी मागतात.

परंतु हे सारे तपासले तरी मुख्य गोष्ट राहते, आणि इथेच घोडे पेंड खाते. निर्दोष पायांचा, उत्तम वंशाचा घोडा मैदानाच्या फाटकापाशी येऊन अडून बसतो. मागच्या शर्यतींत त्याला जो चाबूक, जी घाई, जी टाच सोसावी लागली ती त्याला फाटक दिसताच आठवते. तो मागे सरतो, दोन पायांवर उभा राहतो. हा दोष छायाचित्रात दिसत नाही. डॉक्टरला दिसत नाही. जाहिरात वाचून पाचशे मैलांवरून आलेल्या गिऱ्हाइकाला, विकणाऱ्याच्या घरच्या मोकळ्या अंगणात, तो मुळीच दिसत नाही. तो दिसतो फक्त दर शनिवारी संध्याकाळी गावच्या मैदानाच्या कुंपणाला टेकून उभ्या राहणाऱ्याला. घोडामैदान जवळ आहे असे आपण म्हणतो. शेजारचा घोडा घेणाऱ्याला ते अक्षरशः जवळ असते. वर्षभर तो पाहू शकतो. पावसात हा घोडा निसरड्या मातीत कसा वळतो, गाडीत चढताना कटकट करतो का, हरल्यावर मालकीण त्याला कशी वागविते, आणि तिच्या धाकट्या भावाला तो पाठीवर बसू देतो का. त्याच्या खुरांना नाल मारणारा नालबंद आणि आपला नालबंद एकच असतो. विकणाऱ्यालाही उद्या चाऱ्याच्या दुकानात हाच माणूस भेटावयाचा आहे, हे विसरता येत नाही.

मात्र शेजारच्या घोड्याची आरती ओवाळण्याचाही माझा विचार नाही. शेजारधर्म सौद्यात आडवा येतो. अमक्याचा घोडा वाईट आहे हे लहान गावात कोणी तोंडावर सांगत नाही. नालबंद तर नाहीच नाही, त्याला दोन्ही घरची कामे हवी असतात. निवड थोडी असते. आणि सौदा फसला तर घोडा जातोच, पण शेजारही जातो. दूरच्या सौदागराशी भांडून माणूस मोकळा होतो, कुंपणापलीकडच्याशी भांडून होत नाही.

या सगळ्याचे एक उदाहरण असे आहे की ते सांगितल्यावाचून हा विषय पुरा व्हावयाचा नाही.

न्यू मेक्सिको राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात क्लेटन नावाचे एक लहान गाव आहे. गुरांना विकण्यापूर्वी धान्य चारून पुष्ट करण्याची मोठमोठी आवारे त्या भागात असतात, आणि त्या आवारांतून दिवसभर घोड्यावर हिंडून आजारी जनावर शोधणे हे गुराख्याचे काम. अशाच एका आवारात कामाला लावलेला एक तांबूस घोडा होता. जन्म १९७७चा, आख्ता केलेला, नोंदवहीत नाव ‘गिल्स बे बॉय’. त्याने बऱ्याच जणांना पाठीवरून फेकून दिले होते, आणि हातोहाती फिरत तो येथवर आला होता. शार्मेन जेम्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलीला घोडा हवा होता. तिच्या वडिलांनी १,१०० डॉलर मोजून तो घेतला.

मुलगी त्याच्यावर बसली, आणि जो कोणाला बसू देत नव्हता त्याने तिला बसू दिले. पिंपांभोवती पहिल्यांदा फिरविला तेव्हा त्याची ती लगबग पाहून वडील काहीतरी बोलले आणि त्यातूनच ‘स्कँपर’, म्हणजे तुरुतुरु पळणारा, हे नाव पडले. १९८४ साली, चौदाव्या वर्षी, या घोड्यावर बसून ती जगज्जेती झाली. मग १९८५. मग १९८६. असे करीत १९९३ पर्यंत सलग दहा वर्षे जगज्जेतेपद या जोडीकडून कोणाला हिसकावून घेता आले नाही. १९८७च्या अंतिम मेळाव्यात तिच्या पाठीवर एक क्रमांकाचा बिल्ला होता. तो त्या हंगामात साऱ्या खेळांत मिळून सर्वांत अधिक पैसे मिळविणाऱ्याला देतात, आणि त्यापूर्वी तो कोणा स्त्रीला मिळाला नव्हता. स्टॅमफर्डला पोशाखाचे गुण मोजले जात होते त्याला तेव्हा साठ वर्षेही झाली नव्हती.

१९८५चा प्रसंग तर तिकडे घरोघरी सांगतात. अंतिम मेळावा त्या वर्षी प्रथमच लास व्हेगासला भरला होता. सातव्या फेरीत मैदानात शिरतानाच स्कँपरच्या डोक्यावरचा लगामाचा पट्टा सुटला. लगाम डोक्यावरून निसटलेला, घोडा भरधाव, हजारो माणसे ओरडताहेत. अशा वेळी कोणताही घोडा सरळ पळत सुटावयाचा. स्कँपरने पहिले पिंप घेतले, दुसरे घेतले, तिसरेही घेतले आणि परत आला. वेळ १४.४० सेकंद. ते मैदान लहान असते म्हणून वेळ कमी. पण त्या फेरीत तीच सर्वांत कमी वेळ ठरली. लगामाने वळणारा घोडा पैशाने मिळतो. लगाम नसताना वळणारा घोडा त्या मुलीने तीन-चार वर्षे रोज त्याच्यावर बसून केला होता, आणि तो तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता म्हणून तिला रोज बसता आले होते. १९९६ साली व्यावसायिक रोडिओच्या कीर्तिमंदिरात स्कँपरला स्थान मिळाले. पिंपांच्या शर्यतीतला तो मान मिळविणारा तो पहिला घोडा. २०१२ साली, पस्तिसाव्या वर्षी तो गेला. घोड्याच्या मानाने हे वय फारच मोठे.

असे असूनही, किंवा असे झाल्यामुळेच म्हणा, बाजार उलट दिशेने गेला. शर्यतीत पैसा आला तसे केवळ याच शर्यतीसाठी घोडे निपजविणारे आले. नामांकित वंशातला आणि शिकवून तयार केलेला घोडा आता लाखभर डॉलरांच्याही पलीकडे जातो. चार-पाच वर्षांच्या कोवळ्या घोड्यांच्या वेगळ्या शर्यती निघाल्या, त्यांत बक्षिसे मोठी, म्हणून शिंगरे लवकर पिंपांना जुंपली जाऊ लागली. पोक्त होईपर्यंत गुरांमागे धावून शहाणा झालेला घोडा मागे पडला. वंशाच्या वेडाची दुसरीही एक बाजू आहे. किंगचा पोको ब्यूनो नावाचा मुलगा १९४५ साली सॅन अँजेलोच्या लिलावात ५,७०० डॉलरांना गेला आणि त्याच्या रक्ताला अतोनात मागणी आली. पिढ्यान् पिढ्या त्याच वंशात संकर होत राहिले. या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांना आढळून आले की खोगिराखालची कातडी सुटून येण्याचा एक असाध्य रोग त्याच वंशातून वाहत आला आहे. आईबाप दोन्हीकडून दोष आला तरच तो प्रकट होतो. आणि एकाच रक्ताच्या मागे सगळे धावले म्हणजे दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढणारच. विकत घेतलेले ते शिंगरू दोन वर्षांचे होऊन पाठीवर प्रथम खोगीर चढेपर्यंत हे बहुधा कळतही नाही.

या वाढत्या किमतींवर एक तोड निघाली ती मला फार शहाणपणाची वाटते. १९९२ साली जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे नॅशनल बॅरल हॉर्स असोसिएशन ही संस्था निघाली. तिच्या शर्यतीत बक्षिसाची रक्कम वेगवान घोड्यालाच सगळी मिळत नाही. सर्वांत कमी वेळ धरावयाची. तिच्यात अर्धा सेकंद मिळविला की दुसरा वर्ग सुरू होतो, एक सेकंद मिळविला की तिसरा, दीड मिळविला की चौथा. प्रत्येक वर्गाचा स्वतंत्र विजेता, स्वतंत्र बक्षीस. म्हणजे शेजारच्या गोठ्यातला दीड सेकंद मागे राहणारा प्रौढ घोडा आणि त्याच्यावरची शाळकरी मुलगी, दोघेही प्रवेशाची फी वसूल करून घरी जाऊ शकतात. गावोगावच्या मैदानांत ही पद्धत रुजली आणि गुराख्याच्या घोड्याला पुन्हा गिऱ्हाईक आले. ज्या घोड्याची वेळ दर शनिवारी फार बदलत नाही त्याला तर विशेष मागणी असते, हे मजेचे आहे. एरवी बाजारात असा संथ माल कोण विचारतो?

स्कँपरच्या बाबतीत मात्र एक अडचण होती. तो आख्ता होता. त्याला वंश होणे शक्य नव्हते. अकराशे डॉलरांना मिळालेले ते रत्न त्याच्याबरोबरच संपणार, हे शार्मेन जेम्सना सोसेना. त्यांनी विज्ञानाचा आश्रय घेतला. स्कँपरच्या शरीरातील पेशींपासून २००६ साली त्याची प्रतिकृती असे एक शिंगरू जन्माला घालण्यात आले. त्याला आख्ता न करता ठेवले, आणि त्याचे नाव ठेवले ‘क्लेटन’. पण क्वार्टर हॉर्सची नोंदवही अशा घोड्यांना थारा देत नाही. त्यावर दुसऱ्या काही घोडेवाल्यांनी न्यायालयात धाव घेतली. २०१३ साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि २०१५ साली वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवून संस्थेचे म्हणणे ग्राह्य धरले. स्कँपर स्वतः वहीत होता. त्याच रक्तामांसाचा क्लेटन वहीबाहेर राहिला.

शार्मेन जेम्स २००२ साली अकराव्यांदा जगज्जेत्या झाल्या, त्या क्रूझर नावाच्या दुसऱ्याच घोड्यावर. क्लेटनला त्यांनी शर्यतीसाठी नव्हे, वंश वाढविण्यासाठी जन्माला घातले होते. लगाम सुटला असता तो काय करता, हे पाहण्याचा प्रसंगच त्यामुळे आला नाही.